काटेसावरीचा कापूस: सोसायटीतल्या कामाच्या नोंदी, उन्हाळा २०२५

ठिकाण पुणे, कोथरूड. चार मजल्यांच्या दोन बिल्डिंग, मागच्या कंपाउंडला लागून दोन मोठ्या काटेसावरी. एक आमच्या हद्दीत, दुसरी शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पण तिच्या निम्म्या फांद्या आमच्या गच्चीकडे. एप्रिल-मेमध्ये कापूस उडतो, खिडक्या, एसी, पाण्याच्या टाक्या, गाड्या, काही सुटत नाही, आणि मग दरवर्षी झाड तोडायचा विषय निघतो. यंदा ठरवून हंगामभर काम केलं. तुमच्याकडे सावर असेल तर इथल्या तारखा जशाच्या तशा धरू नका, बोंडाचा रंग बघा, तो खरा.

१६ फेब्रुवारी, रविवार

कमिटीची मीटिंग गच्चीवरच घेतली. दोन्ही झाडांवर पान नाही, नुसती लाल फुलं, आणि मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर यांचा एवढा कलकलाट की बोलताना आवाज चढवावा लागत होता. चार जणांचं म्हणणं तोडून टाका, दोघांचं म्हणणं निदान अर्ध्यावर छाटा.

तोडणं आपल्या हातात नाहीच. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा शहरात लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मोठी छाटणी करायची तरी आधी अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं आणि त्याहून जुनी झाडं हेरिटेज धरली गेली, आणि आमच्या सावरी सोसायटी व्हायच्या आधीपासून इथे आहेत, तेव्हा वय त्याच्या आसपासच असणार. अर्ध्यावर छाटण्याबद्दल मी स्पष्ट विरोध केला. सावरीचं लाकूड मऊ, हलकं, काडेपेटीच्या काड्या करतात त्याच्या, अशा झाडाचा शेंडा उडवला की कडेने भराभर फुटवे येतात आणि ते मूळ फांदीसारखे घट्ट बसलेले नसतात, दोन-चार वर्षांनी वादळात तेच खाली गाड्यांवर येणार.

ठरलं असं की एक हंगाम आधी बंदोबस्त करून बघायचा, दुरुस्ती फंडातून १०,००० रुपयांपर्यंत खर्च मंजूर. माझं म्हणणं एवढंच होतं की कापूस उडायला लागल्यावर आपण धावपळ करतो आणि तेव्हा हातात काहीच नसतं. बोंड फुटायच्या आधी झाडावरून उतरवलं तर त्यातला कापूस आपल्या पोत्यात, फुटल्यावर तो वाऱ्याचा.

२ मार्च, रविवार

बी विंगमधल्या दोन मुलांना आणि एका काकांना सकाळी उठल्यापासून शिंका, डोळे लाल, नाक गळतंय. ग्रुपवर सगळ्यांनी सावरीवर खापर फोडलं. पण कापूस कुठाय अजून, बोंडंसुद्धा धरली नाहीयेत!

हे नीट समजून घेणं गरजेचं आहे कारण याच्यावरून झाडं जातात. सावरीचं फूल मोठं, मांसल, त्यातला पराग जड आणि चिकट, तो पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या अंगाला लागून पुढे जातो, वाऱ्यावर फारसा तरंगत नाही. वाऱ्यावर तरंगतो तो वावळाचा. आमच्या मागच्या रस्त्यावर वावळाची तीन झाडं आहेत, त्यांची फुलं बारकी, हिरवट, पानं गळलेल्या फांदीवर जानेवारी-फेब्रुवारीत येऊन जातात आणि कुणाच्या नजरेला पडत नाहीत, नंतर मार्च-एप्रिलमध्ये त्या चपट्या कागदासारख्या बियांचा खच पडला की लोकांना कळतं इथे वावळ आहे. वावळाच्या परागाची ॲलर्जी आपल्याकडे डॉक्टरांना चांगली माहीत आहे. शिवाय गाजरगवत आहेच. म्हणून ज्यांना दरवर्षी याच दिवसांत त्रास होतो त्यांनी ॲलर्जीची टेस्ट करून घ्यावी असं ग्रुपवर लिहिलं. कापूस नाकाशी आला की खवखवतं, सोबत धूळही आणतो, दम्याच्या माणसाने त्या दिवसांत खिडकी बंद ठेवावी हे बरोबरच, पण फेब्रुवारीच्या शिंकांना एप्रिलचा कापूस कसा जबाबदार असेल?

१५ मार्च, शनिवार

बोंडं धरलीत, अजून अंगठ्याएवढी. खाली फुलांचा चिखल झालाय, पार्किंगमध्ये टू-व्हीलर घसरते, दिवसातून दोनदा झाडून घेतोय.

नारळ उतरवणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने बुंध्यावरून हात फिरवला, वर बघितलं आणि नाही म्हणाला. बुंध्यावरचे काटे बोथट झालेत पण वरच्या फांद्यांवर चांगले टोकदार आहेत, आणि त्याचं म्हणणं, "ह्या झाडाची फांदी सांगून मोडत नाही, साहेब." त्याला आग्रह केला नाही, कुणीच करू नये. हायड्रॉलिक शिडीच्या गाडीचं दिवसाचं भाडं विचारलं, आमच्या एकूण बजेटच्या पुढे गेलं.

मग राहतं काय तर गच्ची. सावरीच्या फांद्या खोडातून मजल्यामजल्याने आडव्या फुटतात, त्यामुळे मधल्या दोन थरांच्या फांद्या सरळ आमच्या कठड्याच्या समोर येतात. लांब काठीने साधारण निम्मं झाड हाताशी येईल. वरचं निम्मं सोडून द्यायचं, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं.

३० मार्च, पाडवा

बोंडं आता वीतभर नाहीत पण चांगली लांबट, हिरवी, टणक. बांबूला आकडी बांधून दहा-बारा काढून बघितली. दोन अडचणी आल्या. बांबू (३०० रुपये) वीस फुटांचा, कठड्यावरून बाहेर धरला की टोक हलतं आणि पाच मिनिटांत खांदे भरून येतात. आणि आकडीने ओढलेलं बोंड सरळ खाली पार्किंगमध्ये जातं, कुणाच्या डोक्यात पडलं तर?

बोंडं चिरून बघितली. आत कापूस आहे पण ओला, पिवळसर, एकमेकाला चिकटलेला, बिया पांढरट. तशीच उन्हात ठेवून दिलीत, काय होतं बघू.

६ एप्रिल, रविवार

हिरव्या बोंडांचा निकाल लागला. साल सुरकुतली, आतला कापूस काही फुलला नाही आणि दोन बोंडांत काळी बुरशी. म्हणजे लवकर उतरवण्यात काही अर्थ नाही, फेकून द्यायचीच असतील तर गोष्ट वेगळी.

काठीचा प्रश्न मात्र सुटला. आमच्या ए विंगमधल्या एका आजोबांची रत्नागिरीकडे आंब्याची बाग आहे, ते म्हणाले अरे झेला आणा की. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला, त्याच्या तोंडाशी पाती असते, देठ त्यात अडकवून ओढला की फळ कापून खालच्या जाळीत पडतं. आंब्यासाठी केलाय पण सावरीचं बोंड त्यात व्यवस्थित बसतं. झेला ८५० रुपये, त्याला बांबूऐवजी ॲल्युमिनियमची सरकती काठी घेतली, १,९०० रुपये. महाग वाटली खरी, पण हातात धरल्यावर फरक कळतो.

एक महत्त्वाचं. ॲल्युमिनियमची काठी विजेच्या तारेजवळ अजिबात न्यायची नाही. आमच्याकडे तारा पुढच्या रस्त्याच्या बाजूला आहेत, झाड मागे आहे म्हणून चाललं. तुमच्या झाडाजवळून तार जात असेल तर हा नाद सोडा, बांबूनेही नको.

१३ एप्रिल, रविवार

पश्चिमेकडच्या, म्हणजे दुपारचं ऊन खाणाऱ्या फांद्यांवरची बोंडं तपकिरी व्हायला लागली. यातलं एक काढून नीट बघितलं. साल चामड्यासारखी कडक, लांबीच्या दिशेने पाच फिकट रेघा उमटलेल्या, अंगठ्याने एका रेघेवर दाबलं की कट्ट आवाज करून चीर पडते, आणि आत कापूस रेशमासारखा चमकणारा, घडी घातल्यासारखा पाच खणांत दाबून बसवलेला, प्रत्येक खणात काळ्या गुळगुळीत बिया मिरीपेक्षा बारीक. चीर पडल्यावर बोटभर जागेतून तो फुगून बाहेर यायला लागला, मी बोंड मुठीत आवळून पिशवीत टाकलं.

हीच ती वेळ. साल तपकिरी, रेघा दिसतायत पण उघडल्या नाहीत. एका फांदीला ही स्थिती फार तर आठ-दहा दिवस टिकते, मग पूर्वेकडच्या फांद्यांची पाळी. ज्या दिवशी पोपट बोंडं फोडताना दिसले त्या दिवसापासून आम्ही रोज वर जाऊन बघायला लागलो.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून जास्त माणसं मिळाली. सकाळी साडेसहाला सुरुवात. एक जण झेला धरतो, एक जण मागून कमरेला धरतो (कठडा आमचा फक्त साडेतीन फूट आहे, हे कंपल्सरी), एक जण बोंड जाळीतून काढून पोत्यात. खाली पार्किंग दोरी लावून बंद, आणि झाडाखाली सगळ्यांकडून गोळा केलेल्या जुन्या साड्या एकमेकींना शिवून अंथरल्या, म्हणजे हातून सुटलेलं बोंड त्यात पडतं आणि कापूस मातीत जात नाही. साडेनऊनंतर वारा सुटतो आणि काठीचं टोक जागेवर राहत नाही, तेव्हा काम थांबवलं. दोन पोती भरली.

पोत्यांची तोंडं सुतळीने बांधून गच्चीवर उन्हात ठेवली. उघड्यावर पसरली असती तर दुपारच्या उन्हात सगळी तिथेच फुटली असती.

२० एप्रिल, रविवार

एसीचं काम. आठ घरांचे आउटडोअर युनिट झाडाच्या बाजूला आहेत. मागच्या वर्षी कापूस मागच्या कॉइलच्या पात्यांवर थर धरून बसला होता, खोली गारच होत नव्हती, सर्व्हिसवाल्याने ब्रशने काढला तेव्हा चटईसारखा निघाला.

यंदा दोन घरांनी परस्पर मच्छरजाळी युनिटला गुंडाळून टाकली, चारी बाजूंनी, घट्ट. दुपारपर्यंत एकाचा एसी ट्रिप झाला. हवा कोंडते, दुसरं काय होणार. स्प्लिटचं आउटडोअर युनिट मागून आणि एका कडेने हवा ओढतं, आणि पुढच्या पंख्यातून बाहेर फेकतं. जाळी लागते फक्त ओढणाऱ्या बाजूला, पुढे लावायचीच नाही. आणि जाळी कॉइलला चिकटून असली तर कापूस त्या जाळीवरच थर धरतो, म्हणून ती वीतभर लांब हवी आणि आकाराने मोठी हवी. आम्ही पीव्हीसी पाइपच्या चौकटी केल्या (पाइप, एल्बो मिळून १,२५०), त्यावर हिरवी शेडनेट (१,४००), भिंतीला हुकने अडकवलेली. रोज संध्याकाळी एसी बंद करून कोरड्या ब्रशने जाळी झाडायची. मे संपला की काढून ठेवायची, वर्षभर ठेवू नका.

टाक्यांच्या ओव्हरफ्लो पाइपला आणि हवेच्या पाइपला नायलॉनची बारीक जाळी बांधली, ३५० रुपये. हे काम खरं तर कापूस असो-नसो करायलाच पाहिजे, डासांसाठी.

२७ एप्रिल, रविवार

वरच्या निम्म्या झाडावरची बोंडं फुटली. दुपारी दोन ते पाच पश्चिमेचा वारा आणि कापूस. गेल्या वर्षीपेक्षा स्पष्ट कमी आहे, खालच्या दोन मजल्यांना तर चांगलाच फरक, पण आहे. ज्यांना वाटत होतं की काहीच येणार नाही त्यांची निराशा झाली, त्यांना पुन्हा सांगितलं की निम्मं झाड आपण काढूच शकत नव्हतो.

झाडलोटीत एक आठवडा वाया गेला. कोरडा खराटा मारला की कापूस पुढे पुढे पळतो आणि मागे येऊन बसतो. एका मेंबरने ऑफिसातून ब्लोअर आणला, त्याने पार्किंगमधला कापूस पहिल्या मजल्याच्या बाल्कन्यांत गेला आणि भांडण झालं. मग पाणी मारलं तर पाणी कापसावरून ओघळून जातं, कारण ह्या धाग्याला मेणचट अंग असतं, तो पाणी धरत नाही. उपाय अगदी साधा निघाला, पाच लिटरच्या फवारणी पंपात (४५०) चमचाभर भांड्याचा लिक्विड साबण. साबणाच्या पाण्याने कापूस लगेच बसतो, मग खराट्याने गोळा करायचा. वेळ सकाळी सातची, वाऱ्याच्या आधी. सफाईवाल्या मावशींना या दीड महिन्याचे जास्तीचे २,५०० रुपये कबूल केले, त्यांचं काम खरंच वाढतं.

खाली पडलेल्या बियांवर लाल-काळ्या किड्यांचे पुंजकेच्या पुंजके दिसतायत, मुलं घाबरली. कपाशीवर येतात तेच लाल ढेकण्या, बियांचा रस पितात, माणसाला काही करत नाहीत. औषध मारू नका. बिया झाडल्या की तेही जातात.

१ मे, गुरुवार

कंपाउंडच्या कोपऱ्यात, मीटररूमच्या जाळीपाशी कापसाचा ढीग साठला होता आणि शेजारी विडीची थोटकं. हे सगळ्यात धोक्याचं. सावरीचा कापूस ठिणगी पडली की भप्पकन पेटतो, विझवायला वेळच मिळत नाही. ढीग ओला करून लगेच उचलला, मीटररूमच्या दाराखालची फट पट्टी लावून बंद केली, जनरेटरच्या आसपास रोज झाडायचं ठरवलं. मुलांना काडी लावून बघू नका म्हणून घरोघरी सांगितलं, गोळा केलेली पोतीही गच्चीवरच्या एसीच्या वायरिंगपासून लांब हलवली.

४ मे, रविवार

पोत्यांतली बोंडं आता आतल्या आत फुटलीत. बिया काढायच्या होत्या. पहिलं पोतं गच्चीवरच्या खोलीत उघडलं, दार बंद, पंखा बंद, तरी पाच मिनिटांत केसांत, पापण्यांवर, मास्कच्या आत कापूस. थांबवलं.

बी विंगच्या आजी म्हणाल्या त्यांच्याकडे गावी हे काम मच्छरदाणीत बसून करायचे. जुनी डबल बेडची मच्छरदाणी मिळाली नाही, नवी घेतली, ३८०. आत दोघी जणी बसल्या, भाजीचा भोकांचा क्रेट खाली कापडावर ठेवला, त्यात कापूस टाकून लाकडी रवीने घुसळला. बिया जड असतात, भोकांतून खाली पडतात, कापूस वर फुलून येतो. सालींचे तुकडे हाताने वेचायचे. एका बैठकीत साधारण एका उशीचा कापूस निघतो, आणि पाठ दुखते, म्हणून पाळी लावली.

११ मे, रविवार

गादीवाल्याकडे विचारलं, पिंजायच्या मशीनला तो घालायला तयार नाही, धागा आखूड आणि गुळगुळीत, मशीनमधून निम्मा उडून जाईल म्हणाला. आणि पिंजायची गरजही नाही. सूत याचं होत नाही, भरायलाच चांगला.

पहिली उशी घरातल्या साध्या पांढऱ्या सुती कापडात भरली, सकाळी उशीवर बारीक पांढरी लव. विणीतून बाहेर येतो. मग गादीचं घट्ट विणीचं पट्ट्यापट्ट्याचं कापड आणलं, १,६८०, खोळी उलट्या करून दुहेरी शिलाई, शिंप्याचे ४८०. आता लव येत नाही. एका उशीला पाऊण किलोच्या आसपास कापूस बसतो, बोंडं दीडशे ते दोनशे. उशी सुरुवातीला फार टम्म वाटेल इतकी भरा, महिन्याभरात बसते. ही उशी धुवायची नाही, उन्हात टाकायची.

२१ मे, बुधवार

काल संध्याकाळी जोराचा पाऊस. गच्चीवर घोट्याच्या वर पाणी, कारण पावसाळी पाइपची तोंडं ओल्या कापसाने आणि धुळीने घट्ट बुजली होती. मे महिना आहे, जून लागला की साफ करू असं सगळ्यांनीच धरलं होतं. रात्री दहाला टॉर्च लावून हाताने काढलं, बोळे निघाले हातभर. चौथ्या मजल्याच्या एका घराच्या छताला ओल आली. पुढच्या वर्षी १० मेला सगळी तोंडं मोकळी करायची आणि त्यावर उलटी टोपली बसवायची, सपाट जाळी नाही, सपाट जाळीवरच कापूस थापून बसतो.

उरलेलं एक पोतं भिजलं, कापूस वरून कोरडा, पण साली आणि बिया ओल्या.

८ जून, रविवार

पाऊस २६ मेलाच दाखल झाला, हंगाम आपोआप संपला. भिजलेलं पोतं पसरून वाळवायचा प्रयत्न केला, सालींना बुरशी धरली होती, कापसाला कुबट वास, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं. बाकीच्यातून बावीस उशा झाल्या, ज्यांनी काम केलं त्यांना एकेक, उरलेल्या मावशींना आणि वॉचमनच्या घरी.

एकूण खर्च ११,५४०, मंजुरीपेक्षा १,५४० जास्त, काल कमिटीने पास केला. यातली काठी, झेला, चौकटी, पंप पुढच्या वर्षी परत वापरायचेत, ते सगळं पंपरूममध्ये वर टांगून ठेवलंय. तोडायचा विषय काल निघाला नाही. शेजारच्या प्लॉटमधल्या सावरीची एक फांदी गच्चीच्या पत्र्याला घासते, तेवढ्या एका फांदीच्या छाटणीसाठी प्लॉटमालकाची सही घेऊन उद्यान विभागाकडे अर्ज या आठवड्यात करायचाय, म्हणजे फुलं यायच्या आधी काम होईल.

अजून एक काम बाकी आहे. कंपाउंडच्या भेगांत आणि गच्चीच्या पन्हळीत सावरीची रोपं उगवलीत, बोटभर उंच. आत्ता ती दोन बोटांनी उपटून येतात, पुढच्या रविवारपर्यंत सगळी काढायची, गच्चीवरची आधी.